चिंचोके आणि कवड्या

बैठ्या खेळांची आपल्या घरांतून जी हकालपट्टी झाली तिच्याबद्दल आजवर पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली आहे. आम्हांस तींत भर घालावयाची नाहीं. सोंगट्यांचा पट माळ्यावर गेला, वाघबकरीचा पट जुन्या देवळांच्या फरशीवर कोरलेला तेवढा उरला, आणि बुद्धिबळ मात्र टिकलें. कारण त्याला बक्षिसें आहेत व वर्तमानपत्रांत जागा आहे. परंतु साठी उलटल्यावर एक अगदींच नवा, आपल्या देशांत फार थोड्यांना ठाऊक असलेला खेळ शिकण्याचा प्रसंग आमच्यावर आला. तो ज्या कारणानें आला व त्यांतून घरांत जें घडलें, तें ह्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

खेळाचें नांव 'गो'. हें नांव जपानी. खेळ मूळचा चीनचा, आणि तेथें त्याला 'वेइची' म्हणतात. कोरियांत 'बादुक' म्हणतात. आमच्या नातीनें हें नांव प्रथम उच्चारलें तेव्हां कोंकणांतील एखादी बाई दुसरीला हांक मारीत आहे असाच आम्हांस भास झाला. संस्कृताची संवय जडलेल्या माणसाला मात्र तेवढ्यावर थांबवत नाहीं. अमरकोशाच्या नानार्थवर्गांत 'गो' ह्या शब्दाचे अर्थ पाहावे : पशु तर आहेच, पण वाणी, नेत्र, दिशा, किरण, भूमि हेही आहेत. जपानी शब्दाशीं ह्या शब्दाचा कांहींएक संबंध नाहीं, दोन भाषांतील ध्वनि योगायोगानें जुळले आहेत, हें आम्ही जाणतों. तरीपण भूमि, नेत्र आणि वाणी ह्या तिहींशीं ह्या खेळाचें किती जवळचें नातें आहे तें पुढें दिसेलच.

आमचें कबनूर गांव इचलकरंजीला इतकें खेटून आहे कीं, एकाची शीव कोठें संपते व दुसऱ्याची कोठें लागते हें परक्यास सांगतां यावयाचें नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हांपासून मागांची संख्या वाढत वाढत आमच्या मागील भिंतीपर्यंत येऊन ठेपली. त्या खडखडाटांतच आम्ही वाढलों, मुलांना शिकविलें, व आतां म्हातारेही झालों. अशा गांवांत एखाद्या घरांतील एक माणूस अबोल झाला तर तें कोणाच्या ध्यानांतही येऊं नये. आमच्या घरांत मात्र तो अबोला मागांच्या आवाजापेक्षां मोठा होऊन बसला.

आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत लहानथोर सर्वच अण्णा म्हणतात, ते आमच्याहून सहा वर्षांनीं मोठे. शब्दरूपावली आम्ही त्यांच्याच तोंडून शिकलों; रूप चुकलें कीं ते रागें भरत नसत, नुसतें तें रूप पुन्हां उच्चारीत, व आपण चुकलों हें त्यावरून आम्हीं ओळखावें. गेल्या वर्षीं माघांतल्या एका पहांटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात व पाय दुबळे झाले आणि वाणी गेली. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली म्हणजे पुष्कळदां असें होतें. ऐकलेलें समजतें, विचार ठिकाणावर असतो, परंतु मनांतल्या वस्तूला तिचें नांव सांपडत नाहीं. अण्णांना 'पाणी' म्हणावयाचें असावें आणि तोंडून 'पाटी' निघावें, आणि तें आपल्यालाच ऐकूं येऊन त्यांनीं मान फिरवावी, असें दिवसांतून दहादां होऊं लागलें. चमत्कार असा कीं, सायंकाळीं शेजारीं बसून आम्हीं रामरक्षा सुरू केली म्हणजे तिचे शब्द त्यांच्या ओठांतून बरेचसे सरळ येतात. ती संपली कीं पुन्हां दार बंद. पाठ केलेलें बोलणें आणि जुळवून केलेलें बोलणें ह्यांच्या वाटा मेंदूंत निराळ्या असतात, असें डॉक्टर म्हणाले.

वाणीपेक्षांही त्यांना दुसरी एक गोष्ट अधिक लागली. उजवा हात चालेना म्हणून जेवणें डाव्या हातानें करावें लागे. ज्या माणसानें जन्मभर पोरांना डाव्या हातानें प्रसाद घेतला म्हणून टोंकलें, त्याला पंगतींत बसून डाव्या हातानें घांस घेणें सोसेना. त्यांनीं पंगत सोडली. वहिनी त्यांचें ताट आंतल्या खोलींत नेऊन देऊं लागल्या, आणि दोन महिन्यांत घराला त्याची संवयही झाली. ह्या संवयीचेंच आम्हांस भय वाटलें. एकत्र कुटुंबांत माणूस एकटें पडूं शकत नाहीं ही एक गोड समजूत आहे. चौदा माणसांच्या घरांत माणूस जितकें एकटें पडतें तितकें तें दोघांच्या घरांत पडत नसेल. कारण चौदांपैकीं प्रत्येकाला वाटतें, दुसरा कोणी तरी त्यांच्यापाशीं बसलाच असेल.

अण्णा बुद्धिबळ उत्तम खेळत. तरुणपणीं ते सांगलीस शिकत होते, आणि भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळें त्या गांवाला ह्या खेळाचें जें वेड लागलें होतें तें घेऊनच घरीं आले. प्याद्यानें मात केल्याखेरीज त्यांना डाव जिंकल्यासारखा वाटत नसे. तेव्हां दुखण्यानंतर त्यांच्यापुढें प्रथम बुद्धिबळच मांडलें गेलें. तीन दिवस तें चाललें. पूर्वीं जें सहज दिसे तें आतां धुक्यांतून पाहावें लागतें, हें ध्यानांत येऊन त्यांच्या कपाळावर घाम येई. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं वजीर उचलला, बराच वेळ हातांत धरला, आणि पट दूर सारला. जुनी विद्या ही अशा वेळीं आधार होण्याऐवजीं साक्षीदार होते.

दिवाळीस आमची धाकटी नात पुण्याहून आली. ती स्थापत्याचें शिक्षण घेत आहे. तेथें मैत्रिणींच्या संगतीनें हा खेळ शिकली. तिनें कोणालाच न विचारतां एका पाटावर खडूनें नऊ उभ्या व नऊ आडव्या रेघा ओढल्या, स्वयंपाकघरांतून चिंचोक्यांची बरणी आणली, सोंगट्यांच्या पिशवींतून कवड्या काढल्या, आणि पाट अण्णांच्या खाटेपाशीं ठेवून म्हणाली, "मोठे आजोबा, आजोबांना हा खेळ येत नाहीं. तुम्हांलाही येत नाहीं. दोघांनाही बिगरीपासून शिकवतें." अण्णांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही जमिनीवर बसलों.

नियम इतके थोडे आहेत कीं ते एका पोस्टकार्डावर मावतील. चिंचोके काळे, कवड्या पांढऱ्या. आळीपाळीनें एकेक ठेवीत जावयाचें, काळ्यानें आधीं. बुद्धिबळांत मोहरें घरांत बसतें. येथें रेघा जेथें एकमेकींस छेदतात तेथें खडा बसतो. वस्त्रांत ताण्याचा उभा धागा व बाण्याचा आडवा धागा जेथें भेटतात तीच खड्याची जागा, असें सांगितलें तर आमच्या गांवांतील पोरालाही तें चटकन् समजतें. एकदां ठेवलेला खडा हालत नाहीं. त्याच्या चारी बाजूंस लागून जे रिकामे बिंदु असतात त्यांस चिनी लोक त्याचे 'श्वास' म्हणतात. शत्रूनें चारी श्वास कोंडले कीं खडा मेला, व तो पटावरून उचलावयाचा. एकमेकांस लागून असलेले खडे एकत्र श्वास घेतात, आणि मरतात तेही एकत्रच. शेवटीं ज्यानें पटावरची अधिक भूमि आपल्या खड्यांनीं वेढली तो जिंकला.

आतां नेत्र. एखाद्या समूहानें आपल्या पोटांत दोन निरनिराळ्या रिकाम्या जागा राखल्या तर त्याला कोणी मारूं शकत नाहीं, कारण दोन्ही जागा एकाच खेळींत बुजवितां येत नाहींत, आणि एकीत शिरावें तर शिरणाराचाच श्वास कोंडतो. ह्या जागांना डोळे म्हणतात. दोन डोळे असलेला समूह जिवंत, एक डोळा असलेला मरणोन्मुख. तिबेट व सिक्किम ह्या प्रदेशांत सतरा रेघांच्या पटावर हाच खेळ जुन्या पद्धतीनें खेळत, व तेथील त्याच्या नांवाचा अर्थच 'पुष्कळ डोळे' असा आहे.

बुद्धिबळाशीं ताडून पाहिलें म्हणजे ह्या खेळाचा स्वभाव कळतो. आपलें चतुरंग म्हणजे दरबार. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, आणि सर्वांच्या पुढें मरावयास उभीं केलेलीं प्यादीं. प्रत्येकाची योग्यता जन्मतःच ठरलेली. 'गो'मध्यें राजाच नाहीं. सर्व खडे सारखे. जो तो आपल्या जागेमुळें मोठा किंवा क्षुद्र. स्थानावरून ढळलेल्या वस्तूंविषयींचें प्रसिद्ध सुभाषित वाचकांस पाठ असेलच. तें जणूं ह्याच खेळाकडे पाहून रचलें असावें. शिवाय येथें शत्रूचा समूळ नाश करावयाचा नसतो. चांगला डाव संपतो तेव्हां दोघांच्याही पदरीं भूमि असते, एकाच्या थोडी अधिक इतकेंच. पांढरा मागाहून खेळतो म्हणून त्याला भरपाई देतात. जपानांत ती आज साडेसहा घरांची आहे. वरचें अर्धें घर पटावर कोठेंच नसतें; बरोबरीचा वाद राहूं नये म्हणून तें कागदावर निर्माण केलेलें आहे. भावांच्या वाटण्या करणाऱ्या पंचांनीं ही युक्ति अवश्य अभ्यासावी.

पहिल्या आठवड्यांत नातीनें आम्हां दोघांनाही सपाटून हरविलें. मेन्शियस नांवाच्या चिनी तत्त्ववेत्त्यानें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं ह्याच खेळाच्या दोन शिष्यांची गोष्ट सांगितली आहे : गुरु एकच, पण एकाचें लक्ष गुरूच्या शब्दांवर, आणि दुसऱ्याचें, आकाशांतून हंस जाईल तर त्याला बाण कसा मारावा ह्या विचारांत. पस्तीस वर्षें आम्ही वर्गांत हे दोन्ही शिष्य पाहत आलों. आतां खाटेपाशींच्या वर्गांत पहिला शिष्य कोण व दुसरा कोण हें लवकरच स्पष्ट झालें. आमचें चित्त खिडकीबाहेर, कामवालीच्या हिशेबांत, रेडिओवरील बातम्यांत. अण्णांचें चित्त पाटावर. ते डाव्या हातानें चिंचोका उचलीत. डाव्या हाताचा येथें कोणालाच विटाळ नव्हता. पहिले कांहीं दिवस बोटांतून चिंचोका निसटे, खाटेखालीं जाई, व नातवंडें तो शोधीत धांवत. पुढें निसटेनासा झाला.

ह्या खेळाला चिनी भाषेंत एक जुनें नांव आहे, त्याचा अर्थ 'हातांचें संभाषण'. नातीनें तें सांगितलें त्या दिवशीं अण्णांनीं तें तिच्याकडून तीनदां म्हणवून घेतलें. खरोखरच तें संभाषण आहे. आम्ही एका कोपऱ्यांत कवडी ठेवली तर ती एक प्रश्न असते. अण्णा तिला उत्तर देतात, किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करून पटाच्या दुसऱ्या टोंकास चिंचोका ठेवतात, म्हणजे 'तुझ्या प्रश्नापेक्षां हें महत्त्वाचें आहे' असें सांगतात. थट्टा करतां येते, धमकी देतां येते, गप्प राहतां येतें. कोणत्याही खेळीला नांव शोधावें लागत नाहीं. यासुदा यासुतोशी ह्या जपानी व्यावसायिक खेळाडूनें ह्याच गुणाचा उपयोग करून लहान मुलें, वृद्ध व अपंग ह्यांना लहानशा पटावर खडे मारण्याचा सोपा डाव शिकविण्याचें कार्य वर्षानुवर्षें केलें, व त्यावर पुस्तकही लिहिलें. त्यांतील प्रत्येक दावा मान्य करावा असें आम्ही म्हणत नाहीं; अण्णांची वाणी ह्या खेळानें परत आलेली नाहीं, ती यावी तशी रोजच्या अभ्यासानें रेंगाळतच येत आहे. परंतु दुपारीं तीन वाजले कीं ते स्वतः काठी टेंकीत बाहेरच्या सोप्यावर येऊन बसूं लागले, हें घरांतल्या सर्वांनीं पाहिलें.

वहिनींचें मत निराळें. त्या म्हणाल्या, "भाऊजी, न बोलतां भांडावें कसें, तें तुम्हां दोघांना एकदाचें सांपडलें म्हणायचें!"

एक नियम सांगावयाचा राहिला, आणि संस्कृतज्ञास तो सर्वांत गोड लागेल. कधीं कधीं असा पेंच पडतो कीं, आपण शत्रूचा एक खडा मारतों, आणि लगेच त्याच जागीं त्याला आपला खडा मारतां येतो. मग पुन्हां आपण, पुन्हां तो. असें चाललें तर डाव कधींच संपणार नाहीं. म्हणून नियम असा कीं, लगेच उलट मारावयाचें नाहीं. मध्यें एक खेळी दुसरीकडे खेळून मगच परत यावयाचें. ह्या पेंचाला जपानींत 'को' म्हणतात. तें ज्या चिनी अक्षरानें लिहितात तें अक्षर बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनीं आपल्या 'कल्प' ह्या शब्दासाठीं योजिलें होतें. ब्रह्मदेवाचा एक दिवस तो कल्प! आपला शब्द भिक्षूंच्या पोथ्यांतून हिमालय ओलांडून गेला, आणि एका खड्याच्या भांडणाचें नांव होऊन आमच्या सोप्यावर परत आला. आम्हीं हें सांगितलें तेव्हां अण्णांचे ओंठ हालले, आणि बऱ्याच प्रयत्नानें 'कल्प' हा शब्द, त्यांतल्या जोडाक्षरासह, नीट बाहेर पडला. वहिनी स्वयंपाकघरांतून पीठ लागलेल्या हातांनींच बाहेर आल्या.

काळाची आणि ह्या खेळाची सांगड चिनी लोकांनीं फार जुन्या काळापासून घातली आहे. वांग चि नांवाचा एक लांकूडतोड्या डोंगरांत गेला असतां तेथें कोणी दोघे हा खेळ खेळतांना त्याला दिसले. तो पाहत उभा राहिला. डाव संपल्यावर पाहतो तों त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा कुजून गेलेला, आणि गांवीं परत गेला तों ओळखीचें एकही माणूस उरलेलें नाहीं. हें वाचून वाचकांना रैवत राजाची आठवण होईल. कन्या रेवतीसाठीं वर विचारावयास तो ब्रह्मलोकीं गेला, गायन संपेपर्यंत क्षणभर थांबला, आणि इकडे सत्तावीस चतुर्युगें उलटून गेलीं. आमच्या सोप्यावरही तीनचे सहा कसे वाजतात तें कळत नाहीं. दुखणाइताच्या घरांत वेळ असा जावा हें लहानसहान भाग्य नव्हे. रात्रीं चालेनासे झालेले घड्याळाचे कांटे ज्यानें पाहिले आहेत त्याला तें कळेल.

जपानांत ह्या खेळाचीं आपल्या गवयांसारखीं घराणीं होतीं. तोकुगावा राजवटीनें सतराव्या शतकांत होनिन्बो, इनोउए, यासुई व हायाशी ह्या चार घराण्यांना राज्याकडून वेतन देऊन पोसलें. होनिन्बो घराण्याचा मूळ पुरुष सान्सा हा बौद्ध भिक्षु होता. घराण्याची गादी पुष्कळदां औरस पुत्राऐवजीं सर्वांत गुणी शिष्याला दत्तक घेऊन त्याला देत; ही रीत आपल्याकडच्या कांहीं घराण्यांनीं उचलली असती तर बरें झालें असतें. पुढें होनिन्बो ही स्पर्धेनें मिळवावयाची पदवी झाली. १९४५ सालच्या ६ ऑगस्टला ह्याच पदवीचा एक डाव हिरोशिमाच्या बाहेर इत्सुकाइची येथें चालू होता. खेळणारे हाशिमोतो उतारो व इवामोतो काओरु. डावाचा तिसरा दिवस. सकाळीं लखलखाट झाला, मागून धक्का आला, खिडक्या फुटल्या, खडे विखुरले. त्यांनीं खोली झाडली, खडे होते तसे पुन्हां मांडले, आणि दुपारनंतर डाव पुरा केला. हाशिमोतो पांच घरांनीं जिंकले. हें धैर्य म्हणावें, कीं काय झालें आहे तें न कळल्यामुळें हात आपोआप ओळखीच्या कामाकडे वळले असें म्हणावें? आम्हांस दुसरेंच अधिक खरें वाटतें. इवामोतोंनीं मात्र पुढील दीर्घ आयुष्य परदेशांत हा खेळ पोंचविण्यांत वेंचिलें.

यंत्रानें माणसास हरविल्याची गोष्टही नातीनें सांगितली. २०१६ च्या मार्चमध्यें सेऊल येथें 'अल्फागो' ह्या संगणकानें ली सेदोल ह्या कोरियन वीरास पांचांपैकीं चार डावांत हरविलें, आणि २०१९ सालीं लीनें व्यावसायिक खेळ सोडला. चौथ्या डावांतील अठ्ठ्याहत्तराव्या खेळीनें त्यानें यंत्राला गोंधळविलें, तेवढा एक डाव माणसाच्या पदरांत पडला. अण्णांनीं ती खेळी नातीकडून पटावर मांडवून घेतली. आम्हांस ती कळली नाहीं. त्यांना कळली असावी, कारण ते पुष्कळ वेळ मान डोलावीत होते.

नऊ रेघांच्या पाटावरून तेरांवर, आणि तेरांवरून एकोणीसांवर येण्यास चार महिने लागले. एकोणीस रेघांचा पट म्हणजे ३६१ बिंदु. त्याला १८१ काळे व १८० पांढरे खडे लागतात. अण्णांच्या चिरंजीवांनीं कारखान्यांतून मागावरून उतरलेलें कोरें कापड आणलें व त्यावर निळीनें रेघा मारून दिल्या. चिंचोक्यांना तोटा नव्हता. कवड्या कोल्हापुराहून अंबाबाईच्या देवळाजवळून आणविल्या. जपानांत उत्तम पांढरे खडे शिंपल्याचे व काळे पाटीच्या दगडाचे करतात असें कळलें, तेव्हां आमचीं साधनें अगदींच अडाणी नाहींत असें वाटून समाधान झालें.

ह्या खेळांत न्यूनाधिकांना बरोबरीनें खेळतां यावें म्हणून कच्च्या खेळाडूला डावाच्या आरंभींच दोनपासून नऊपर्यंत खडे पटावर मांडूं देतात. नात आम्हां दोघांनाही नऊ देई. होळीला ती आली तेव्हां तिनें अण्णांना पांच दिले आणि आम्हांस नऊच. आणि चैत्रांत एके दुपारीं, पट मांडल्यावर आम्ही नेहमीप्रमाणें पहिला चिंचोका ठेवणार तोंच अण्णांनीं हात वर करून आम्हांस थांबविलें. बरणींतून दोन चिंचोके काढले, समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन खुणांवर ठेवले, आणि कवड्यांची वाटी आपल्याकडे ओढून घेतली. म्हणजे त्यांनीं आम्हांस दोन खड्यांची सवलत दिली. दुखण्यानंतर प्रथमच ते आमचे वडील बंधु होऊन समोर बसले होते. आमच्या एका भलत्या खेळीवर ते कांहीं म्हणाले नाहींत. तो चिंचोका उचलून त्यांनीं योग्य जागीं ठेवला, पूर्वीं चुकलेलें रूप पुन्हां उच्चारीत तसा.

अक्षय्यतृतीयेला पंगतींत त्यांचें पान मांडलें होतें. ते आले, भिंतीकडच्या टोंकास बसले, आणि डाव्या हातानें जेवले. कोणी त्याविषयीं बोललें नाहीं; वहिनींनीं आमरस दोनदां वाढला.

नातीनें पुण्याहून खऱ्या खड्यांच्या दोन डब्या पाठविल्या आहेत. अण्णांनीं त्या उघडल्या, एक खडा नखानें वाजवून पाहिला, आणि डब्या फडताळांत ठेवविल्या. चिंचोक्यांना पावसाळ्यांत कीड लागून शंभरावर फेंकावे लागले; वहिनींनीं नव्या चिंचेचे निवडून ठेवले आहेत. परवां दोन चिंचोक्यांची सवलत घेऊनही आम्ही अकरा घरांनीं हरलों. मोजणी संपल्यावर अण्णांनीं नवा पट मांडला, दोन चिंचोके त्यांच्या जागीं ठेवले, थोडें थांबून आमच्याकडे पाहिलें, आणि तिसरा ठेवला.